जिनिंगमधला फॅमिली प्लॅन

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते साठत जातात, आणि साठले की सांगायला माणूस लागतो. आमच्या जिनिंगचं मात्र उलटं आहे. सीझन चालू असला की सांगायला सवड नसते, आणि सीझन संपला की ऐकायला कोणी उरत नाही. सध्या मे महिना आहे. कापसातली सरकी काढायच्या मशिनी बंद आहेत. जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या तिथं नुसतं पांढुरकं मैदान दिसतं. ऑफिसात मी आणि कूलर. गेटवर चौकीदार आहे, पण त्याला कमी ऐकू येतं; मॅनेजर साहेब क्वार्टरमध्ये आहेत, पण हे किस्से त्यांचेच. म्हणून तुम्हाला सांगतो.

गोष्टी सगळ्या एका मोबाइल अ‍ॅपच्या आहेत. वजन कमी करायचं, पावलं मोजायची, पाणी प्यायची आठवण करायची, झोप किती झाली ते सांगायचं, असलं ते वर्गणी भरून घ्यायचं अ‍ॅप. तुम्ही म्हणाल, राळेगावच्या जिनिंगमध्ये त्याचं काय काम? आम्हीही तेच म्हटलं होतं.

*

आमचे मॅनेजर कोल्हे साहेब. घर हिंगणघाटला, पण त्याला कुलूप. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून साहेब सीझन असो नसो, जिनिंगच्या आवारातल्या क्वार्टरमध्येच राहतात. मुलगा निखिल बंगलोरला. साहेबांना शुगर निघाली तेव्हा त्यानं तिकडूनच हे अ‍ॅप घेऊन दिलं, वर्षभराचं. फॅमिली प्लॅन घेतला, कारण एकट्याच्या प्लॅनपेक्षा तोच स्वस्त पडत होता.

त्या प्लॅनमध्ये सहा जणांची जागा. दोन जागा बाप-लेकानं भरल्या. उरलेल्या चार जागांवर गोल-गोल रिकामी तोंडं दिसायची, आणि अ‍ॅप रोज सकाळी म्हणायचं, "तुमचं कुटुंब अजून अपूर्ण आहे. जवळच्या माणसांना बोलवा."

साहेबांनी ते बरेच दिवस वाचलं असावं. एका दुपारी त्यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. मी गावंडे, हिशेब बघतो. राठोड ग्रेडर, म्हणजे कापसाचा दर्जा आणि ओलावा तपासणारा पोरगा. आणि वजनकाट्यावरची कांचन वानखडे. आम्हाला वाटलं काहीतरी चुकलं. साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाची हरकत नसेल तर, म्हणजे जागा रिकाम्या आहेत म्हणून."

हरकत कोणाची असणार! कांचननं साहेबांचा फोन हातात घेतला. अ‍ॅपला प्रत्येक माणसाचं नातं सांगावं लागत होतं. यादीत आई, वडील, भाऊ, बहीण सगळं होतं, ऑफिसातला माणूस असं काही नव्हतं. यादीत सगळ्यात वर 'पत्नी' होतं. कांचननं ते अंगठ्यानं पटकन वर सरकवलं आणि विचारलं, "साहेब, माझ्यापुढं काय टाकू?"

साहेबांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मुलगी टाका."

राठोड मुलगा झाला. मी भाऊ. एक जागा उरली. गेटसमोर शोभामावशींची खानावळ आहे, आम्ही सगळे तिथंच जेवतो. साहेबांनी विचारलं, "ते वय बघते का?" कांचन म्हणाली, नाही. "मग शोभाबाईंना आई टाका. जेवायला त्याच घालतात."

मावशी साहेबांपेक्षा चांगल्या पाच-सहा वर्षांनी लहान. संध्याकाळी त्यांना कळलं तेव्हा त्या भाकर थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लेक माह्याहून मोठा, अन् तोबी नव्वद किलोचा."

*

नव्वद किलो हे मावशींना कसं माहीत, तर सगळ्या राळेगावला माहीत होतं.

अ‍ॅपला दर सोमवारी वजन द्यावं लागे. साहेबांकडे माणसं मोजायचा काटा नव्हता. पण जिनिंगमध्ये केवढा मोठा काटा आहे! भरलेला ट्रक उभा राहतो त्याच्यावर. साहेब सकाळी सकाळी, कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायच्या आधी, चपला काढून काट्यावर जाऊन उभे राहिले. केबिनमध्ये कांचन. शेतकऱ्याला आपल्या मालाचं वजन ऐकू जावं म्हणून तिथं माइक ठेवलेला आहे. तिनं सवयीनं माइकवरच सांगितलं, "नव्वद."

त्या दिवसापासून साहेबांनी भात सोडला. चहातली साखर सोडली. दुपारी काकडी खायचे, एवढी की मावशी काकडीवाल्याला आल्या आल्या 'साहेबाची वेगळी ठेव' म्हणायच्या. पुढच्या सोमवारी काट्यावर उभे राहिले. नव्वद. त्याच्या पुढच्या सोमवारी, नव्वद. महिना झाला तरी नव्वद.

साहेब खचले. शेवटी राठोडनं समजावलं की हा ट्रकचा काटा आहे, दहा-दहा किलोनं सरकतो. पूर्ण दहा उतरल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही.

"म्हणजे मधलं कुठं जाते?" साहेबांनी विचारलं.

"मधलं काट्याले दिसत नाही, साहेब."

हे बोलणं चाललं तोवर बंड्या लागल्या होत्या. पहिल्या बंडीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते, डोक्याला शेला. साहेब काट्यावर अजून उभेच. म्हातारे शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या कापसातून तुम्ही ओलाव्याची कटती धरता. तुमची नाई धरत काय?"

सगळी रांग हसली. साहेबही हसले. बायको गेल्यापासून त्यांना असं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या सोमवारी कांचननं माइकवर सांगितलं, "नव्वद. कटती जाऊन अठ्ठ्याऐंशी." साहेबांनी अ‍ॅपमध्ये अठ्ठ्याऐंशी भरलं.

*

शोभामावशींचं आणि अ‍ॅपचं आधी जमलं नाही. कारण फोटो.

जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा, म्हणजे ते अ‍ॅप ओळखून सांगतं काय खाल्लं आणि किती ताकद पोटात गेली. एका गुरुवारी मावशींनी पातोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत तर्री. साहेबांनी फोटो काढला. अ‍ॅपनं सांगितलं, चॉकलेट सॉसमधला केक. भाकरीला म्हणालं पॅनकेक.

मावशींनी विचारलं काय लिहून आलं. साहेब खोटं बोलत नाहीत, त्यांनी वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, दुरुस्त करा. साहेबांनी दुरुस्त केलं, अ‍ॅपनं आभार मानले, आम्ही शिकत आहोत म्हणालं. पुढच्या वेळी पातोडी केली तेव्हा ते शिकून आलं होतं. मासे म्हणालं. मावशींच्या खानावळीत अंडंसुद्धा शिजत नाही. दोन दिवस त्या साहेबांशी बोलल्या नाहीत, जसा काही मासा साहेबांनीच आणला होता.

अ‍ॅप काढून टाका म्हणून त्या कांचनच्या मागे लागल्या. कांचन म्हणाली, दुपारी गर्दी ओसरली की येते, तेव्हा काढून देते.

ती गेली तेव्हा दुपारचे जेवणारे सगळे उठून गेले होते. मावशी मागच्या मोरीवर भांड्यांच्या ढिगात बसलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती मुलगी सुरतला दिली आहे. पुढं बाकावर मोबाइल होता. तो बायकी आवाजात बोलला, "शोभा, तुम्ही जेवलात का?"

मावशींनी मान वर केली. आधी दाराकडं पाहिलं. मग उठल्या, पदराला हात पुसले, बाकाजवळ आल्या आणि फोनला म्हणाल्या, "नाई अजून. बसतेच आता."

कांचन दारातच उभी होती. ती म्हणाली, मावशी, त्याला बोलून उत्तर द्यायची गरज नाही, नुसतं बटण दाबायचं असतं.

मावशींनी ताट वाढून घेतलं. "एवढं कोनी इचारून राह्यलं," त्या म्हणाल्या, "तं उत्तर नोको देऊ काय?"

अ‍ॅप काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

आमच्यात वजन कमी करायची गरज नसलेला एकच माणूस होता, राठोड. आधीच काडीसारखा. दिग्रसकडच्या एका तांड्यावरचा. जागा भरायची म्हणून साहेबांनी त्याला घेतलं, पण अ‍ॅपला ते कोण सांगणार? त्यानं राठोडलाही 'लक्ष्य' दिलं होतं, इतके किलो उतरवा म्हणून. राठोडनं ते बदलायचा प्रयत्न केला. वजन वाढवायचा प्लॅन वेगळा होता, आणि त्याची वर्गणीही वेगळी. त्यानं सोडून दिलं.

जानेवारीत त्याला ताप आला. दोन दिवस घरी जाऊन येतो म्हणून गेला. घरी कोणी नव्हतंच. आई-बाप, भाऊ, भावजय सगळे ऊसतोडीला गेले होते. तो सरळ यवतमाळला दवाखान्यात जाऊन भरती झाला. टायफॉइड निघाला. आम्हाला कोणालाच सांगितलं नाही.

चार-पाच दिवसांनी आमच्या फोनवर निरोप आला, "तुमच्या कुटुंबातील राठोड यांनी आपलं लक्ष्य गाठलं. त्यांचं अभिनंदन करा." मी अंगठा पाठवला. साहेबांनी 'शाब्बास' लिहिलं. आम्हाला वाटलं गडी गावाकडं जाऊन पळत सुटला काय!

परत आला तेव्हा गालफडं आत गेलेली. मग त्यानंच सगळं सांगितलं. वॉर्डात नर्सनं वजन केलं, आणि यानं सवयीनं तो आकडा मोबाइलमध्ये टाकला. टाकल्याबरोबर फोनवर पिपाणी वाजली आणि सगळ्या पडद्यावर रंगीत फुगे उडायला लागले. आवाज मोठा होता, बंद करायला बोटात जोर नव्हता. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, त्यांच्याभोवती त्यांचा अख्खा गोतावळा. त्यातल्या एका सुनेनं फुगे पाहिले आणि विचारलं, "भाऊ, वाढदिवस हाय काय तुमचा?"

"मग तू काय म्हणाला?" कांचननं विचारलं.

"मी काही म्हनलोच नाही. तिनं संत्रं सोलून हातात देल्लं. मंग आजोबानं हात वर केला. मंग त्याईचे पोरं आले हात मिळवाले. समोरच्या खाटेवरचा उठून आला, सलाइन धरून."

साहेब म्हणाले, अरे, सांगायचं ना मग खरं.

"सांगनारच होतो साहेब. तेवढ्यात नर्सबाई आल्या. काय गडबड आहे म्हने. त्याईच्या हातात माहा केसपेपर होता. त्याच्यावर माही जन्मतारीख होती, पावसाळ्यातली. त्याईनं ते पाह्यली, माह्याकडं पाह्यलं." राठोडनं आपला हात पुढं करून दाखवला. "अन् मंग त्याईनंबी हात मिळवला."

*

आता माझं सांगतो. माझी बायको अमरावतीला शिक्षिका आहे, मुलगी तिच्याजवळच शिकते. मी इथं एक खोली घेऊन राहतो. शनिवारी जातो, सोमवारी पहाटे येतो. सीझनमध्ये तेही जमत नाही.

अ‍ॅपमध्ये एकदा माझ्यापुढं पाटी आली की एक आठवडा कोच फुकट. मी हो म्हटलं. आठवडा संपला तेव्हा पैसे कटायला लागले, कारण तुम्ही स्वतः जाऊन बंद केलं नाही तर ते चालूच राहतं. राठोडनं बसून दिवसभर बंद करायचं बटण शोधलं. सापडल्यावर मला दाखवलंही. मी म्हटलं, राहू दे, बघू पुढच्या महिन्यात.

कारण तोवर कोचचा दुसरा फोन येऊन गेला होता. स्नेहल म्हणून मुलगी होती, पुण्याहून बोलायची. आवाज तरुण, मराठी एकदम पुस्तकी. "नमस्कार सर, काल रात्रीच्या आहारात आपण काय घेतलंत?" पहिल्या फोनला मी पोळी-भाजी, वरण-भात असं सांगून मोकळा झालो. दुसऱ्या फोनच्या आदल्या रात्री मावशींनी ज्वारीच्या कण्या आणि आंबाडीची भाजी केली होती. तेच सांगितलं.

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली. मला वाटलं फोन कटला.

"कण्या?" ती म्हणाली. "कण्या कुठं भेटल्या जी तुम्हाले?"

मी विचारलं, मॅडम, तुम्ही कुठल्या? बोरी अरबची निघाली. म्हणजे इथलीच, आपल्या जिल्ह्यातली. पुण्यात चार मुलींबरोबर खोली करून राहते म्हणाली, डबा लावला आहे, डब्यात रोज तीच बटाट्याची भाजी. मग तिनं विचारायला सुरुवात केली. आंबाडी ओली होती की वाळवलेली? लसणाची फोडणी वरून घेतली का? कण्या मऊ होत्या की सुट्या? मी एकेक सांगत गेलो. ती नुसती "हो जी, हो जी" करत होती. मी म्हटलं, वरून तेल तर एवढं घेतलं की कडेनं उतरलं.

ती एकदम आवाज दाबून म्हणाली, "सर, कॉल रेकॉर्ड होते." आणि मग मोठ्यानं, पुस्तकी, "कृपया आपण तेलाचं प्रमाण मर्यादित ठेवावं."

त्यानंतर दर गुरुवारी फोन यायचा. मी बुधवारी रात्री ताट जरा लक्ष देऊन जेवायचो, नीट सांगता यावं म्हणून. मावशींना विचारून घ्यायचो, यात काय घातलं, किती वेळ ठेवलं. मावशींना कौतुक वाटायचं, भाऊले आता सयपाकाची गोडी लागली म्हणून.

आणि एका गुरुवारी फोन आलाच नाही. त्याऐवजी लिखित निरोप आला. "नमस्कार! मी तुमची नवी कोच. मी चोवीस तास उपलब्ध आहे आणि मी कधीही सुट्टी घेत नाही." मशीन होतं ते, माणूस नाही. मी लिहिलं, स्नेहल मॅडम कुठं गेल्या? उत्तर लगेच आलं. "छान प्रश्न! ही माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही. काल रात्री तुम्ही काय खाल्लं?"

 मग लिहिलं, कण्या.

"मला समजलं नाही," ते म्हणालं. "तुम्हाला केळी म्हणायचं आहे का?"

*

कांचनची गोष्ट तिनं मला परवानगी दिली म्हणून सांगतो.

निखिलनं बंगलोरहून आम्हा सगळ्यांना मनगटावर बांधायच्या पट्ट्या पाठवल्या होत्या. पट्टी हातात असली की चाललेलं आपोआप मोजलं जातं. दर शनिवारी अ‍ॅप सांगायचं, या आठवड्यात कुटुंबात सगळ्यात जास्त कोण चाललं. कांचन कायम शेवटची. तिचा काय दोष? सकाळपासून संध्याकाळपर्यंत काट्याच्या केबिनमध्ये खुर्चीवर. नवऱ्यानं सोडून दिल्यापासून ती राळेगावातच आईजवळ राहते. आईला गुडघ्यांचा त्रास. कांचन तिला बजावून निघायची, दिवसभर पडून राहा, कामाला हात लावू नको.

एका शनिवारी कांचनचा पहिला नंबर आला. साहेब आणि राठोड दिवसभर आवारात पायपीट करतात, पण त्यांच्याही वर कितीतरी. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, पेढे मागवले. राठोड म्हणाला, ताई, खुर्चीले चाकं लावले काय?

कांचन गोंधळली. ती म्हणाली, साहेब, काहीतरी चुकलं असेल. मी तर पट्टी बांधतच नाही. कीबोर्डवर हात घासतो म्हणून आठ दिवसांपासून घरीच ठेवते.

मग पट्टी कुठं आहे, असं साहेबांनी विचारलं.

"आईच्या हातात. तिला ती बांगडीसारखी आवडली म्हणून..." आणि तिनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

साहेबांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. राठोडनं मान खाली घातली. मी विचारू नये ते विचारलं, घर किती मोठं आहे तुमचं?

"दोन खोल्या," कांचन म्हणाली. "पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. दिवसभर घरी ती एकटीच."

सोमवारी काट्याच्या केबिनमध्ये दुसरी खुर्ची आली. कोणी ठेवली ते कोणी बोललं नाही. त्यावर कांचनची आई बसलेली होती, गुडघ्यावर चादर घेऊन. दुपारपर्यंत तिला अर्ध्या बंडीवाल्यांची नावं माहीत झाली होती, आणि संध्याकाळी माइक तिच्याच हातात होता.

*

शेवटची गोष्ट निखिलची.

मार्चच्या सुरुवातीला तो आला. नागपूरला कंपनीच्या कामासाठी आला होता, अर्धा दिवस मिळाला म्हणून गाडी करून राळेगावला. आईच्या तेराव्यानंतर तो पहिल्यांदाच येत होता. साहेबांनी आदल्या दिवशी क्वार्टर झाडून घेतलं, नवीन चादर आणली, सकाळी दोनदा दाढी केली.

निखिल ऑफिसात आला तेव्हा आम्ही उभे राहिलो. आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तो आम्हाला ओळखत होता. मला म्हणाला, "काका, तुम्ही सकाळचा नाश्ता टाळता." राठोडला विचारलं, आता वजन वाढतंय ना? कांचनला म्हणाला, ताई, तुमची झोप फार कमी आहे. मावशींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, दोन वाजून गेले तरी तुम्ही जेवलेल्या नसता. मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. बंगलोरच्या पोराला एवढं ठाऊक!

साहेब बाजूला उभे राहून बघत होते. मग तो त्यांच्याकडं वळला. तो म्हणाला, "बाबा, बरे आहात ना?" साहेब म्हणाले, "हो. प्रवास बरा झाला?" तो म्हणाला, बरा झाला.

मावशींनी भरीत, कढी, ज्वारीची भाकर केली होती. दोघं शेजारी बसून जेवले. निखिलनं ऊन खूप आहे म्हटलं. साहेबांनी या वर्षी लवकर तापलं म्हटलं. मग विमान किती वाजता आहे ते झालं. 

जेवण झाल्यावर आवारातल्या कडुनिंबाखाली बाज टाकलेली असते, तिथं दोघं जाऊन बसले. गाडी यायला अजून वेळ होता. आम्ही तिघं ऑफिसात येऊन बसलो, मुद्दामच. मध्ये गेलो असतो तर बरं दिसलं नसतं. खिडकीतून बाज दिसत होती. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. दोघांच्याही हातात फोन.

अ‍ॅपमध्ये कोणी काही चांगलं केलं, पाणी प्यालं, वेळेवर जेवलं, की त्याला टाळी पाठवता येते. पाठवली की सगळ्या कुटुंबाच्या फोनवर येते. साहेबांचं नाव निखिलनं त्यात 'बाबा' असंच भरलेलं. माझा फोन वाजला. मी पाहिलं. "निखिल यांनी बाबांना टाळी दिली."

मी खिडकीबाहेर पाहिलं. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, फोन जरा लांब धरून वाचला. शेजारी पाहिलं नाही. बोटानं काहीतरी दाबलं.

फोन पुन्हा वाजला. "बाबांनी निखिल यांना टाळी दिली."

निखिल खाली मान घालून फोनकडंच बघत होता. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. निखिल यांनी बाबांना. मग बाबांनी निखिल यांना. वारा नव्हता, कडुनिंब हलत नव्हता, बाजेवर दोघंही हलत नव्हते, आणि ऑफिसात आम्हा तिघांचे फोन एकामागोमाग वाजत होते. निखिल यांनी बाबांना. बाबांनी निखिल यांना.

कांचननं आपल्या फोनचा आवाज बंद केला. मग राठोडनं केला.

मी माझा चालू ठेवला.